कोहळ्याची कातडी

"काकू, तुमच्या मनगटावरची ऊन मोजणारी चकती सांगते, तुम्ही वर्षभर सावलीतच होता. कातडीची तपासणी मंजूर होत नाही," डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

मनोरमाबाईंनी कानामागची चिघळलेली गाठ त्याच्यापुढे केली. "अरे बाबा, पडदा सोड, इकडं बघ! उन्हात गेलं की ती मेली चकती कोकलायची. गच्चीवरच्या भाज्यांना पाणी घालू देईना, म्हणून मी ती वर्षभर पानांखालच्या कोहळ्याला चिकटवून ठेवली होती."

"मग कोहळा ठणठणीत आहे."

"आणि गाठ कुणाला आलीय?"

"यंत्र माणसाचं ऐकत नाही, काकू. पुढच्या वर्षी या."

घरी येऊन त्या तडक गच्चीवर गेल्या. पानं बाजूला सारली. कोहळा सावलीत गुबगुबीत बसला होता. अंगावर साधा डाग नव्हता मेल्याच्या.