पिंडापुरता भात

तालुक्यात भात आता फक्त पिंडापुरता उरला होता. आबांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर मूठभर भाताचा पिंड मांडून घरची माणसं उन्हात ताटकळत होती. कावळा समोरच्या कठड्यावर येऊन बसला होता, पण काही केल्या शिवत नव्हता.

"आबांचा जीव कशात अडकलाय, ते सगळ्यांना माहीत आहे," बापूकाका पुतणीला म्हणाले. "वैजू, हात जोड आणि सांग त्यांना, रातकिड्यांची शेड बंद करते म्हणून."

वैजूच्या शेडमधल्या रातकिड्यांच्या पिठावर अर्धा तालुका जगत होता. आबांनी मात्र त्या पिठाची भाकरी कधी तोंडात घातली नाही. भाताच्या खाचरात वाढलेल्या पोरीनं किडे पाळावेत, याची त्यांना लाज वाटायची.

"काका, सकाळी तुम्ही कसली भाकरी खाल्लीत?"

"खाणं वेगळं. आपल्या घरात पाळायचे म्हणजे..."

वैजूनं पुढचं ऐकलंच नाही. पदर खोचून ती पिंडासमोर उभी राहिली.

"आबा, शेड बंद होणार नाही. उद्यापासून दुसरी बांधायला घेतेय. पटत नसेल तर तुम्ही राहा उपाशी. मी गावाला उपाशी ठेवणार नाही."

"अगं, गेलेल्या बापाशी भांडतेस?" काका ओरडले.

"रोजच भांडायचे. त्याशिवाय त्यांना जेवण कुठं जायचं?"

कावळा कठड्यावरून उडाला आणि सरळ पिंडावर उतरला.