आमची प्रकृती

“आमची झोप एकदम गाढ. डोकं टेकलं की संपलं,” नवरा म्हणाला. प्रश्न बायकोला होता.

योगाच्या बाईंनी मान हलवली. ही इस्त्रीवाली सकाळीच वर्गात चक्कर येऊन मटकन खाली बसली होती. म्हणून तिची प्रकृती नव्याने तपासायला त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवलं होतं. पहिल्या वेळी सगळी उत्तरं नवऱ्यानेच दिली होती. त्यावरून बाईंनी कफप्रकृती ठरवून तिला दणादण सूर्यनमस्कारांच्या वर्गात घातलं. छातीत जळजळ घेऊन ती घरी जायची, पण वर्ग कधी चुकवला नव्हता. इस्त्री ओढून ओढून खांदा धरला होता आणि तो सोडवायचाच, असा तिने चंग बांधला होता. आता बाई आपलं नाव काढून टाकतील, एवढीच तिला धास्ती होती.

नवऱ्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, सवय होती. दुकानात तो पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचा, ती मागे पडद्याआड इस्त्री करायची. कपडे कधी मिळतील म्हणून कुणी विचारलं, की याचं उत्तर ठरलेलं, “आमचं सगळं वेळेत असतं.” ‘आमचं’ म्हटलं की त्यात बायको आलीच, असा बिचाऱ्याचा प्रामाणिक समज होता.

“भूक कशी आहे?”

“आमचं काही नाही हो. उशीर झाला तरी चालतं.”

“राग?”

“छे! आम्ही शांत.”

“मला येतो,” बायको म्हणाली.

नवऱ्याने चमकून पाहिलं.

“कधी येतो?” बाईंनी विचारलं.

“आत्ता आलाय.”

मग ती थांबलीच नाही. झोप धड लागत नाही. अंगाची आग होते. जेवण लांबलं की डोकं भणभणतं. “पण बाई, मी वर्ग सोडणार नाही. दुसरं काय ते सांगा, तेही करीन.”

बाईंनी तिचा तळवा हातात घेतला. तो कढत होता, आणि आज तर दुकान अजून उघडलंही नव्हतं.

“अगं, तू तर पित्ताची! तुला संथ आसनं, शीतली प्राणायाम. हळूहळू खांदाही मोकळा होईल. चुकलंच माझं. ऐकलं एकाचं आणि वर्गात घातलं दुसरीला.” बाई नवऱ्याकडे वळल्या. त्याचं सुटलेलं पोट त्यांनी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. “गाढ झोप, मंद भूक, थंड डोकं. कफ खरा आहे, फक्त तो तुमचा आहे. सूर्यनमस्कारांचा वर्गही तुमचाच. उद्या पहाटेपासून जमेल?”

नवऱ्याने तोंड उघडलं.

“न जमायला काय झालं?” बायको म्हणाली. “आमचं सगळं वेळेत असतं.”