आधी वाऱ्याकडची बाजू

"अगं धर, उडाला!" गार्गी किंचाळली, तशी रेणुका फडफडत्या कापडावर पालथी पडली. दोन ट्रेकिंग काठ्यांवर उभा राहणारा त्यांचा हलका तंबू हिमालयातल्या वाऱ्यानं दुसऱ्यांदा लोळवला होता.

"आता शेवटची संधी," ट्रेकला घेऊन आलेले सर म्हणाले. "तंबू उभा राहिला नाही, तर उद्या खिंडीकडे न जाता तुम्ही दोघी खाली."

"मांडववाल्याची लेक ना गं तू?" गार्गी वैतागली. "मग हा टीचभर मांडव उभा राहीना होय?"

रेणुका कापडावरच ताडकन उठून बसली. बाबा आधी वाऱ्याकडची बाजू बांधतात, खांब नंतर उभे करतात. आणि या दोघी दर वेळी आधी काठ्याच रोवत होत्या! तिनं वाऱ्याकडच्या दोऱ्या धोंड्यांना करकचून बांधल्या आणि गार्गीला कापडाखाली पिटाळलं. "हं, आता कर काठ्या उभ्या!" काठ्या उभ्या होताच तिनं दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याही ताणून बांधल्या.

वारा धावून आला. कापड थरथरलं, पण तंबू तसूभर हलला नाही.

"पहाटे पाचला निघायचंय खिंडीकडे," सर हसले. पण ऐकायला रेणुका होती कुठे? ती शेजारच्या मुलांच्या कोसळत्या तंबूकडे सुसाट धावत होती. "अरे बावळटांनो, आधी त्या काठ्या पाडा!"