थोरली विद्यार्थिनी

छप्पन साली कळव्याच्या शाळेत पहिलीला आम्हांला दिघेबाई होत्या. ट्रेनिंग झालेल्या, बी.टी.ची पदवी असलेल्या. तरी लहान मुलांना कसं शिकवावं, याच विषयात एम.एड. करायला शाळा सुटली की त्या मुंबईच्या कॉलेजात जायच्या. एकदा मधल्या सुट्टीत त्या जाड पुस्तक वाचत बसल्या होत्या, मी वर्गातच पाटी गिरवत होते आणि माझी आई बायजा दारात येऊन उभी राहिली. "तुलसाला न्याला आयले. मिठागरावर हात कमी परतान. आता तिची शाला बास." बाईंनी मान वर केली, पण आईची नजर पुस्तकावर होती. "तुमी आजून शिकताव?" "हो. एप्रिलात परीक्षा आहे." "या वयान? लाज नाय वाटत?" "वाटते ना. कॉलेजात सगळ्यांत थोरली मीच. म्हणून पहिल्या बाकावर बसते, म्हणजे बाकीच्यांची तोंडं दिसत नाहीत." आई खळखळून हसली. तिला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं, म्हणून ते हसू मला अजून आठवतं. मग मिठानं चिरलेल्या बोटांनी तिनं माझी पाटी उचलली. "मना बी जमंल?" "बसा." माझ्याशेजारी आई मांडी घालून बसली. बाईंनी पाटीवर बायजाचा 'ब' काढला, तिचा हात धरून तिच्याकडून गिरवून घेतला. घंटा झाली, पोरं आत आली, कुणीतरी फिदीफिदी हसलं, तरी आई उठली नाही. त्या दुपारी आम्ही दोघीही मिठागरावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी आई एकटीच गेली.