खालची यादी

करुणानं झोळा टेबलावर ठेवला अन् म्हणाली, "हे ग्रुपचं सामान, दामिनीताई. पुस्तकं, नकाशा, गणिताचे मणी, सगळं आहे यात. मी जाते."

जाते म्हणजे काय, ती अजून बसलीसुद्धा नव्हती. जवळच्या शहापूरवरून ज्या ऑटोनं आली, तो तिनं फाटकाशीच थांबवून ठेवला होता.

दामिनीनं झोळ्याला हात लावला नाही. "सामानाची कायची घाई आहे वं?"

"मले काय करायचं आता त्याचं?"

भंडाऱ्यातली अन् आजूबाजूची मिळून पाच कॅथलिक घरं. पाचही घरं आपापली पोरं घरीच शिकवतात, अन् दर शनिवारी चर्चमागच्या या हॉलात सगळे एकत्र जमतात. दामिनी इंग्रजी घेते. करुणा गणित घ्यायची. घ्यायची, कारण दीड महिन्यामागं तिचा पोरगा नोएल गेला. सिकलसेल होता त्याला, रक्ताचा आजार. नऊ वर्षांचा होता. त्यानंतर ती आज पहिल्यांदा आली, अन् तीही अशी.

ग्रुपातल्या रोझलीनची आजी, गोदावरीबाई, खिडकीजवळ पोरांच्या खाऊसाठी शेंगा सोलत बसली होती. तिला गप्प बसणं जमतच नाही. "दीड महिना तोंड नाही दाखवलं, अन् आली तं झोळा टाकून चालली. बूड तरी टेकव."

"कायले टेकवू, मावशी? ज्याचं पोर ग्रुपात, तो ग्रुपात. माझं पोर कुठी आहे?"

"मले तं वाचताबी येत नाही. पोराईले भाकर थापायले शिकवते मी, अन् त्याईच्या भाकरी गाईबी नाही खात. मले काढलं काय कोणी?"

"तुमची नात आहे ना इथं."

गोदावरीबाईनं शेंगांची टोपली पुढं ओढली. ती परत शेंगा सोलायला लागली.

करुणा जरा हळू आवाजात बोलली. "तुमी लय केलं, ताई. तो खाटेवरून उठे ना, तं तुमी पोरं खाटेपाशी घेऊन आल्या. त्याचा हात दुखे, तं याईनं आळीपाळीनं त्याची गणितं लिहून देल्ली. मी एकटी काय करणार होती? हेच सांगायले आली. पण आता या पोराईकडं पाहवत नाही मले."

दामिनी काही म्हणणार, तेवढ्यात दहा वाजले, अन् दहा वाजले की पोरं सांगायच्या आधीच उभी राहतात. प्रार्थनेची वही आज रोझलीनच्या हातात होती, तिची पाळी होती. आठ वर्षांची पोर, वाचायला मिळालं की आवाज पार चौकात जाईल असं वाचते. वहीत वरच्या यादीत आजारी माणसं, खालच्या यादीत गेलेली.

"आजाऱ्यांसाठी," रोझलीननं सुरू केलं. "चंद्रभागा आजीच्या गुडघ्यांसाठी. खुशालकाकांच्या डोळ्यासाठी. नोएलसाठी."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," पोरं म्हणाली. सवयच ती. दोन वर्षं दर शनिवारी म्हणत आलेली. अर्ध्यांचा आवाज मधेच बसला, अन् सगळ्यात लहान होतं ते एकटंच शेवटपर्यंत म्हणत राहिलं.

दामिनीचा चेहरा उतरला. वही तिच्याच घरी असते. ते नाव खोडायला तिनं दर आठवड्यात वही उघडली होती अन् तशीच मिटली होती; एवढे शनिवार वाचणारी पोरं ते आपणहून गाळत आली होती. "माझी चूक आहे, करुणा. मी खोडणार होती."

"मी काहीच नाही केलं," रोझलीनचे डोळे भरून आले. "जे लिहिलं आहे तेच वाचलं."

करुणा तिच्यासमोर उकिडवी बसली. "बरोबर वाचलं, बाळा. खाली काय आहे?"

रोझलीननं नाक पुसलं. "गेलेल्यांसाठी. टिकाराम आजोबांसाठी."

"टिकाराम आजोबाले तू पाहिलं होतं काय?"

"नाही. ते तं मी व्हायच्या आधीच गेले."

"तरी नाव घेते?"

"सगळेच घेतात. दर शनिवारी." रोझलीननं जरा विचार केला. "वरचं नाव काढतात, काकू. माणूस बरा झाला का काढतात. खालचं नाही काढत."

खिडकीजवळ शेंगा सोलायचा आवाज थांबला. टिकाराम म्हणजे गोदावरीबाईचा नवरा.

करुणा वहीकडं पाहत राहिली. मग तिनं झोळा बाजूला सरकवला अन् वही टेबलावर उघडी ठेवली.

"लिही मंग त्याचं नाव. खाली."

रोझलीननं पेन्सिल काढली.

"पेन्सिलनं नको," करुणा म्हणाली. "पेनानं लिही."

आता पेन कोणाजवळच नाही. पोरं तर पेन्सिलच वापरतात. दामिनीनं पर्स टेबलावर उलटी केली, त्यातून चाव्या निघाल्या, रुमाल निघाला, गोळ्यांचं पाकीट निघालं. करुणा रोझलीनच्या शेजारी बाकावर बसली अन् वहीचं पान मिटू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

तेव्हा गोदावरीबाई उठली. मांडीवरची टरफलं तशीच खाली सांडली. चपला दाराशीच राहिल्या, अन् ती तापलेल्या अंगणातून फादरच्या खोलीकडं पेन आणायला निघाली, जवळजवळ पळतच.