नवऱ्याला पंख वाढू नयेत

"तो पंख खाली ठेव," मल-रेबाई मुलाला म्हणाल्या.

ग्यू-ताकचा हात तोंडाशीच थांबला. हातावर प्लास्टिकचा हातमोजा, आणि बोटांत सोया-लसणाच्या रसाने माखलेला कोंबडीचा तळलेला पंख. आईने अजून चॉपस्टिक्सही उचलल्या नव्हत्या, आणि हा चाळिशीचा घोडा तिच्याआधी खायला निघाला होता. शेजारच्या टेबलावर ऑफिसातली पोरं बिअरचे मग आपटून हसत होती. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातलं पंखांचं हे गजबजलेलं दुकान ग्यू-ताकने मुद्दाम निवडलं होतं. चार माणसांत बायको आवाज चढवणार नाही, हा त्याचा हिशेब.

त्याने पंख ताटलीत ठेवला. समोर बसलेल्या ह्यो-रिमच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला कोंबडीचा पंख वाढला की त्याचं पाऊल घराबाहेर, परक्या बाईकडे पडतं, असं इथली प्रत्येक सासू नव्या सुनेला सांगते. सुना मान डोलावतात आणि सोडून देतात. मल-रेबाईंनी मात्र ते कधीच सोडलं नव्हतं. त्यांच्या घरी कोंबडी शिजली की तंगड्या पुरुषांच्या वाडग्यात आणि पंख बायकांच्या. पण आजही तेच? आजसुद्धा?

दोन महिन्यांपूर्वी गुमी शहरातली ती भाड्याची खोली ह्यो-रिमने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. खोलीतली बाईही पाहिली होती. ग्यू-ताकने सगळं कबूल केलं, आणि कबूल केलं म्हणजे विषय संपला अशा थाटात जेवायला बसला. ह्यो-रिम नऊ वर्षांच्या लेकीला, गा-ओनला घेऊन माहेरी गेली. तिथे आई म्हणाली, पुरुषांचं होतं असं कधीतरी. वडील म्हणाले, पोरीकडे बघ आणि परत जा. दोन महिने ती हेच ऐकत होती. चूक त्याची आहे, एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. आता सासूबाई गावाहून, उइसोंगहून, बसने आल्या होत्या. कशाला आल्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुनेला परत घरी न्यायला.

मल-रेबाईंनी चॉपस्टिक्स उचलल्या. मुलाच्या ताटलीतला एकेक पंख उचलून त्या मधल्या मोठ्या थाळीत परत टाकू लागल्या. एकही शिल्लक ठेवला नाही.

ग्यू-ताकला आयतीच पळवाट सापडली. "बरोबर आहे आई तुझं," तो हसत म्हणाला. "हीच खायला घालते मला. दर शनिवारी मागवते, वर म्हणते, गरम आहेत तोवर खा. मग माझं काय होणार?"

"पंखांनी जाऊन खोली भाड्याने घेतली का गुमीत?" ह्यो-रिम म्हणाली. "बेसिनवर दोन टूथब्रश होते, ते काय कोंबडीने आणून ठेवले?"

"हळू बोल. आई बसलीय समोर."

"त्यांच्यासमोरच बोलायचंय मला. वाढणारी गुन्हेगार आणि खाणारा बिचारा, असंच ना?"

सासूबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची वाटीही मुलासमोरून उचलली. ह्यो-रिमला आता रडू येईल असं वाटलं, आणि या माणसासमोर तिला मुळीच रडायचं नव्हतं.

आई आपल्याच बाजूची आहे, या समजुतीने ग्यू-ताकला चांगलाच चेव आला. "जरा शिक आईकडून. बाबांना तिने जन्मभर पंखाला हात लावू दिला नाही. म्हणून राहिले ना सरळ! गेले तेव्हा अख्खा गाव म्हणत होता, नवरा सांभाळावा तर मल-रेबाईंनी."

मल-रेबाईंनी चॉपस्टिक्स टेबलावर आपटल्या. एक घरंगळत खाली गेली. शेजारची पोरं हसायची थांबली. सोळा वर्षांत ह्यो-रिमने सासूबाईंना इतकं लाल झालेलं पाहिलं नव्हतं. आता आपली धडगत नाही, असं समजून तिने पर्स उचलली.

"नाही खाल्ला तुझ्या बापाने पंख," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "लग्नापासून मरेपर्यंत एक नाही. आणि उल्सानला, तो कामाला होता त्या कारखान्याजवळ, दुसरं बिऱ्हाड होतं त्याचं. बावीस वर्षं. तुला काय वाटलं, तो महिन्यातून एकदा घरी यायचा तो कामाच्या रगाड्यामुळे?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मी सगळा जन्म लोकांचंच बघितलं. कोंबडीला दोष दिला, माझ्या हाताला दिला, कपाळाला दिला. एका त्यालाच कधी दिला नाही. तू चुकलास. तू. पंख कुणी वाढले, कुणी नाही वाढले, काही संबंध नाही त्याचा."

ग्यू-ताकने हातमोजा काढून खिशात कोंबला.

मल-रेबाईंनी पंखांची ती मोठी थाळी दोन्ही हातांनी ओढली आणि सुनेसमोर ठेवली.

"गा-ओनची आई, बस खाली. पोटभर खा, आणि मग जा पोरीकडे." त्यांनी तिच्या हातातली पर्स काढून बाजूला ठेवली. "मीही गेले होते माहेरी. तेव्हा माझी सासू मला परत न्यायला आली होती. मी तुला न्यायला आलेले नाही."