उजवा पाय

"बारा व्हये, अकरा नाय!" इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, कामं बघणाऱ्या पावलूने दारातच इनासचा दंड धरला. "पेद्रूच्या पायाक सकाळी शिंगाळ्या माशाचो काटो लागलो. पाय भोपळ्यावरी सुजलो हा. तू बस थंय."

"मी? माका शनवारची बोट धरूची आसा रे. दुसऱ्या कोणाक तरी घे."

"शनवारची ना? आज गुरुवार. आणि गावात बूट घालणारो तू एकटोच. पाद्रीबाबांका एक तरी पाय स्वच्छ मिळांदे!"

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे या दिवशी पाद्रीबाब गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुवायचे. प्रत्येकाचा एक, उजवा. इनास बाकाच्या टोकाला जाऊन बसला. शेजारी रापणीचं जाळं ओढणारा सांतान होता. त्याची फताडी पावलं आधीच उघडी होती.

"हेड बटलर आमच्या बाकार!" सांतान कुजबुजला. "पाद्रीबाबांका बक्षीस काय देतलंस रे?"

इनास हसला नाही. शनिवारी मुंबई, आणि मुंबईहून बिलायती जहाज, या खेपेला हेड बटलर म्हणून. कॅप्टनच्या खुर्चीमागे त्याने उभं राहायचं आणि बाकीच्या नोकरांनी त्याच्या डोळ्यांकडे बघून हलायचं. "नाय गेलास तर चलाचा नाय?" एवढंच राजीन, त्याची बायको, परत परत विचारत होती. बशा विसळणारा, मग वाढणारा, मग केबिनवाला. प्रत्येक बढतीला त्याला वाटलं होतं, आता झालं. ते समाधान जहाज बंदर सोडेपर्यंत टिकायचं. पण हेड बटलरच्या वर काहीच नव्हतं. तिथे तरी ते टिकेल, असा त्याचा हिशेब होता.

त्याने उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय बाकाखाली सरकवला. अंगठा मुळाशी सुजून आत वळला होता आणि शेजारच्या बोटावर चढला होता. करंगळी चपटी झाली होती. घट्ट बुटांत, हलत्या जमिनीवर, वर्षानुवर्षं ताठ उभं राहिल्यावर पायाचं असंच होतं.

पाद्रीबाब एकेका माणसापुढे गुडघे टेकत येत होते. पावलू तांब्यातून पाणी ओतायचा, खालच्या परातीत ते वाजायचं. बाकी इगर्जीत चिडीचूप. इनासची नजर सवयीने कामावरच होती. टॉवेलची घडी विसकटलेली. पाणी परातीबाहेर उडतंय. म्हातारा प्रत्येक वेळी उठताना डावीकडे कलतोय.

सांतानचा पाय झाला. पाद्रीबाब उठून इनासपुढे आले आणि गुडघा टेकताना त्यांचा तोल गेला.

इनास उभा होता. कधी उठला, ते त्यालाच कळलं नाही. एक हात पाद्रीबाबांच्या कोपराखाली, आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल दुसऱ्या हाताच्या मनगटावर, नीट घडी घातलेला.

"लेट मी, सर."

बायकांच्या बाजूने हसू फुटलं. "ड्युटीर चढलो मेलो!" सांतान पुटपुटला.

पाद्रीबाब हसले नाहीत. त्यांनी खालूनच वर पाहिलं. "बस, इनास. आज तुझी पाळी नाय." टॉवेलसाठी त्यांनी हात पुढे केला.

टॉवेल इनासच्या हातून सुटेना. "पाद्रीबाब, माझो पाय बरो नाय."

"दाखय."

तो बसला. पाणी थंड होतं. टाचेखाली एक म्हातारा तळहात आला आणि पायाचा सगळा भार त्याने उचलून घेतला. दुसऱ्या हाताने घाई केली नाही. चढलेला अंगठा हळूच उचलून त्याच्या खालचं बोट धुतलं, बोटांमधल्या बेचक्या धुतल्या, पुसल्या. मग पाद्रीबाब आणखी वाकले आणि नेमके त्या सुजलेल्या सांध्यावर त्यांनी ओठ टेकले.

मोठ्या माणसांची डोकी इनासने नेहमी मागून पाहिली होती, ती जेवत असताना. हे डोकं समोर होतं, आणि त्याच्या पायाशी होतं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पाद्रीबाब ज्या येशूच्या जागी गुडघे टेकून होते, तो स्वतःच तिथे आहे, हे इनासला उन्हासारखं लख्ख दिसलं. येशूच्या वर कुणीच नव्हतं. आणि तो खाली बसला होता.



मिस्साची प्रार्थना संपली. पवित्र भाकर रात्रीच्या जागरणासाठी बाजूच्या लहान वेदीवर नेऊन ठेवली, तेव्हा घंटेऐवजी लाकडी खटखटं वाजलं. मग दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे मुख्य वेदी उघडी करायला सुरुवात झाली. फुलं गेली. मेणबत्त्यांची घरं गेली. राजीन बायकांच्या बाजूने उठून त्याच्यामागे आली.

"घराक येतास मा? पेटी भरूची आसा."

"बोट जाऊंदे, राजीन."

"मगे काय करतलास?"

"ता माका म्हायत नाय. बस गो जरा."

ती बसली. पावलूने वेदीवरची शेवटची पांढरी चादर ओढून काढली आणि खालचा दगड उघडा पडला. इनासने आयुष्यभर टेबलं आवरली होती. चादर निघाली की माणसं उठून जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मान वळवून मागे पाहिलं. इगर्ज गच्च भरलेली होती, आणि एकही माणूस उठला नव्हता.